पोत्यावर मोजलेला प्रकाश

काही गुण दुरून दिसतात. शौर्य दिसते, औदार्य दिसते, विद्वत्ता तर बहुधा स्वतःच बोलून दाखवते. परिमाणाची जाण हा गुण त्या जातीचा नाही. भाजीत मीठ नेमके पडले तर जेवणारा मिठाचा उल्लेखही करीत नाही. वैद्याने गुंजभर औषध गुंजभरच दिले तर रोगी बरा होऊन आपल्याच प्रकृतीची स्तुती करतो. 'किती' एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर ज्याने जन्मभर मनोभावे शोधले, त्याचे नाव सहसा कुणाच्या ओठांवर येत नाही. आपल्या शास्त्रकारांनी आहारापासून ध्यानापर्यंत सर्वत्र मिताचा महिमा गायिला. प्रकाशालाही माप असते हे त्यांनी वेगळे सांगितले असो वा नसो, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बबनरावांनी ते रोज अनुभवले.

वाशीम रस्त्याला, खताच्या दुकानाला लागून, बबनरावांचा फोटो स्टुडिओ होता. मूळ घर किन्हीराजा गावचे. चार एकर रान धाकटा भाऊ भागवत याच्या हाती सोपवून ते ऐन विशीत एक जुना कॅमेरा घेऊन तालुक्याला आले आणि तिथलेच झाले. तालुक्यातल्या दोन पिढ्यांची लग्ने, बारशी, दहावीच्या अर्जांवरचे भेदरलेले चेहरे, सारे त्यांच्या हातून गेले. कृश बांधा, पांढरा सदरा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. कुठल्याही घरी गेले की ते आधी आपला तळहात पुढे धरून त्यावर पडलेला उजेड न्याहाळीत आणि मग यजमानांकडे वळत. लोक म्हणत, बबनराव माणसाआधी उन्हाला रामराम करतात.

त्यांच्या स्टुडिओच्या दाराआड एका खिळ्यावर गोणपाटाचे एक स्वच्छ पोते घडी घालून टांगलेले असे. नवख्या गिऱ्हाइकाला ते पायपुसणे वाटे. त्याला पाय पुसू जाणाऱ्या माणसावर मात्र बबनराव, एरवी इतके शांत, असे काही ओरडत की तो उंबऱ्यातच थबके. त्या पोत्याच्या मागे एक चूक होती, आणि ती चूक एका स्त्रीच्या चेहऱ्याची होती.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मालेगावचे कापडाचे व्यापारी असलेले एक शेठजी आपल्या पत्नीला, अंगुरीबाईंना, घेऊन जोडीचा फोटो काढायला आले होते. बबनराव तेव्हा चोवीस वर्षांचे. अकोल्याहून उजेड मोजणाऱ्या काट्याचा नवा कॅमेरा आणलेला. काटा मध्यावर आला की उजेड बरोबर, असे दुकानदाराने सांगितले होते आणि बबनरावांनी त्यावर श्रुतिवचनाइतका विश्वास ठेवला. पाठीमागे काळा पडदा होता. काट्याने तो पडदा पाहिला, त्याला वाटले फार अंधार आहे, आणि त्याने भरपूर उजेड आत घ्यायला सांगितले. काळ्या कोटातले शेठजी त्यात सुरेख उमटले. गोऱ्या अंगुरीबाई, फिकट साडीतल्या, चुन्याच्या ढेपेसारख्या पांढऱ्याफेक; नाक नाही, डोळे नाहीत, कपाळावरच्या कुंकवाचा तेवढा एक ठिपका. 'पुन्हा काढून देतो' असे बबनराव म्हणाले. शेठजी म्हणाले, सवडीने येऊ. पुढच्याच वर्षी शेठजी गेले, आणि ती सवड कायमची राहिली.

त्या दुःखातून बबनरावांनी एक शोध लावला. कॅमेऱ्याच्या काट्याची अशी समजूत असते की जगातल्या सर्व वस्तू मिळून मध्यम उजळ आहेत, ना धवल ना कृष्ण. काळे दिसले की तो त्याला उजळवू पाहतो, पांढरे दिसले की मळवू पाहतो. तेव्हा त्याला आधी खरोखरच मध्यम असलेली एखादी वस्तू दाखवावी, तिथे माप पक्के करावे, आणि मग कशाकडेही वळावे. अशी वस्तू शोधताना त्यांनी कडुनिंबाचा पाला पाहिला, वीट पाहिली, शेणाने सारवलेली भिंत पाहिली. अखेर बाजार समितीच्या आवारात उन्हात पडलेल्या तुरीच्या पोत्यावर त्यांना ते सापडले. तेव्हापासून ते पोते त्यांच्यासोबत मांडवामांडवातून हिंडले.

अंगुरीबाईंनी मात्र त्यानंतर फोटो काढू दिला नाही. नातवंडांच्या लग्नातही कॅमेरा समोर आला की त्या पदर पुढे ओढीत आणि म्हणत, "एकदा भूत झाली, पुरे झालं." आधार कार्डाचा फोटो तेवढा सरकारच्या धाकाने निघाला. रस्त्यात बबनराव दिसले की त्या हसून विचारीत, "काय बबन, आज कोनाले भूत केलं?" बबनरावही हसत. पण घरी आल्यावर त्यांची बायको तुळसाबाई ओळखत असत की आज शेठजींच्या घराकडून चक्कर झालेली दिसते.

स्टुडिओत ड्रोन आला तो सुनेमुळे. मुलगा पवन अकोल्याला नोकरीला. त्याची बायको ज्योत्स्ना इंझोरीची, विज्ञान शिकलेली, हुशार आणि धिटुकली. तिने रीतसर प्रशिक्षण घेतले, परवाना मिळवला आणि एक दिवस चार पंखांचे ते यंत्र सासऱ्यांच्या टेबलावर आणून ठेवले. बबनरावांनी आधी त्याला हळदकुंकू लावले. मग तळहात पुढे धरून विचारले, "याले उजेड कोन सांगते?"

"त्याचं त्यालेच समजते, मामाजी. ऑटो हाये."

बबनरावांना अकोल्याचा काटा आठवला. त्याच्यावरही त्यांनी पूर्वी एकदा असाच विश्वास ठेवला होता.

पहिले काम घरचेच होते, भागवतच्या मुलीचे लग्न, किन्हीराजाला. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, डोक्यावर चैत्राचे ऊन, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळीभोर वावरे. ड्रोन मजेत उडाला. आठवड्याने घरात सगळे टीव्हीपुढे बसले. वरात गावातून निघाली तोवर ठीक होते. ती वावराच्या कडेला आली, चित्रात काळी माती शिरली, आणि एकेक माणूस वितळू लागला.

"काहो दादा," भागवत पुढे सरकून म्हणाला, "हे वरात व्हय का धुकं? माह्या जावयाचं तोंड कुठी गेलं? नुसता फेटा चालून राह्यला!"

"जावई गोरा झाला तर तुमाले काय तरास, भाऊजी?" तुळसाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. ज्योत्स्ना हसली नाही. तिचे डोळे भरून आले. बबनरावही हसले नाहीत. पडद्यावरच्या त्या पांढऱ्या गोळ्यांत त्यांना एक जुना चेहरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे स्टुडिओच्या मागच्या अंगणात बसले. सासरा गुरू की सून, हे शेवटपर्यंत ठरले नाही.

"त्यानं काळी माती पाह्यली," बबनराव म्हणाले, "त्याले वाटलं सांज झाली. घाबरून त्यानं घराची सारी दारं उघडली. मंग ऊन आत घुसलं, ते काही पाहुण्यासारखं बसत नाई. आता मले सांग, याच्यात उजेड आत यायचा झरोका लहानमोठा कुठून करतात?"

"होतच नाई, मामाजी. या कॅमेऱ्याचा झरोका पक्का हाये. एकाच मापाचा."

"अवं बाप्पा! म्हणजे तिजोरी देल्ली अन् किल्ली ठेवून घेतली."

"दोन किल्ल्या हायेत अजून," ज्योत्स्ना म्हणाली. "एक आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाले किती हळवा ते. हे पाहा, शंभर."

बबनरावांचा चेहरा उजळला. "हा तर आपला शंभरचा रोल! शंभरचा रोल उन्हात, चारशेचा मांडवात. याले उन्हात शंभरावरच राहू दे. वाढवला की फोटोत वाळू दिसते. दुसरी कोनती?"

"शटर. उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. फिल्म एका सेकंदात पंचवीस चित्रं घेते, तर एकेका चित्राले सेकंदाचा पन्नासावा भाग द्यावा असं शिकवलं आमाले. मंग चालणारा मानूस चालल्यासारखा दिसते. पण एवढ्या उन्हात पन्नासावा भाग लय होते. म्हणून ऑटो त्याले हजाराव्या-दोन हजाराव्या भागावर नेते, अन् नाचणारे लोक ठेचकाळत नाचल्यासारखे दिसतात."

"म्हणजे झरोका हालत नाई, रोल हालवायचा नाई, अन् वेळ बी कमी करायचा नाई. मंग ऊन अडवायचं कुठी?"

ज्योत्स्नाने डबीतून नखाएवढ्या काळ्या काचा काढल्या. बबनरावांनी एक डोळ्याला लावून सूर्याकडे तोंड केले, मग समाधानाने मान हलवली. "गॉगल! देवानं डोळे देल्ले, मानसानं गॉगल. हे जमलं."

मग त्यांनी आत जाऊन खिळ्यावरचे पोते आणले आणि भर उन्हात अंथरले. ज्योत्स्नाने ड्रोन त्याच्यावर स्थिर धरला. हातातल्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आलेख उमटत असे. बबनराव त्याला डोंगर म्हणू लागले होते. डावीकडे काळोख, उजवीकडे धवल, आणि डोंगर उजव्या भिंतीला जाऊन टेकला की समजावे, चेहरे जळाले. पोत्यावर काळी काच बदलून पाहता पाहता तो डोंगर बरोबर मध्यभागी येऊन उभा राहिला.

"आता ऑटो बंद कर," बबनराव म्हणाले. "माप बांधून टाक. आता त्यानं वावर पाह्यलं काय अन् कापूस पाह्यला काय, त्याले घाबरायचं काम नाई."

ज्योत्स्नाने ड्रोन शेजारच्या काळ्या रानावर नेला, मग दोरीवर वाळणाऱ्या धोतरांवर आणला. माती काळीच राहिली आणि धोतरांच्या चुण्या एकेक मोजता येत होत्या. ती टाळ्या पिटून हसली.

त्याच महिन्यात त्या शेठजींचे चिरंजीव कांतीलाल स्टुडिओत आले. त्यांच्या आईचे वर्षीतप पूर्ण होत होते. एक दिवस निराहार, एक दिवस अन्न, असा क्रम वर्षाहून अधिक काळ चालवायचा आणि अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे करायचे, असे हे जैनांचे कठीण तप. सत्त्याहत्तर वर्षांच्या अंगुरीबाईंनी ते एकही दिवस न चुकता सांभाळले होते. पारण्याच्या सकाळी मंदिरापासून गावाबाहेरच्या मंगल कार्यालयापर्यंत वरघोडा, म्हणजे त्यांची मिरवणूक, निघायची होती.

"नागपूरवाल्याले बोलावत होतो," कांतीलाल अवघडून म्हणाले, "पण आई ऐकून नाई राह्यली. तुमालेच बलावते."

बबनराव गेले. तप करून काटकुळ्या झालेल्या अंगुरीबाई पलंगावर बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर तो जोडीचा फोटो होता, शेठजी स्पष्ट आणि बाजूला एक पांढरी आकृती.

"फोटो तू बिगाडला बबन, दुरुस्त बी तूच करशील," त्या म्हणाल्या.

"भाभी, चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीले."

"माह्या तोंडाले एक्केचाळीस झाली. आता भूत केलं तर मी पुन्हा बसाले काई राहणार नाई, ध्यानात ठेव."

हे त्या हसत म्हणाल्या. बबनराव त्या रात्री जेवले नाहीत, आणि तुळसाबाईंनीही आग्रह केला नाही.

अक्षय तृतीयेची सकाळ स्वच्छ उजाडली. नऊ वाजता ऊन चांगलेच तापले. मंदिरासमोरच्या पटांगणात बबनरावांनी पोते अंथरले तेव्हा जमलेल्या मंडळींत हशा पिकला.

"काय बबनराव, तूर आनली काय इकाले?" बाजार समितीतले हमाल सेवालाल ओरडले.

"तूर नाई, ऊन आनलं. तुमी भाव सांगा!"

ज्योत्स्नाने माप बांधले, ड्रोन वर चढवला आणि नियमाप्रमाणे गर्दीच्या डोक्यावरून न नेता एका अंगाने चालवू लागली. पांढऱ्या वस्त्रांतले पुरुष, केशरी साड्यांतल्या स्त्रिया, ढोल, आणि शेवटी सजवलेल्या बग्गीत शुभ्र साडीतल्या अंगुरीबाई. पडद्यावर सारे कसे रेखीव दिसत होते. बबनराव सुनेच्या खांद्यामागून डोंगराकडे पाहत चालले होते. गाव संपत आले. पुढे दोन्ही बाजूंना नांगरलेली वावरे सुरू होत होती.

आणि तिथेच आभाळाने थट्टा केली. वैशाखातला एक पातळ ढग कुठूनसा आला आणि सूर्यावर ओढणीसारखा पसरला. पडद्यावरचा डोंगर डावीकडे घसरला. अंगुरीबाईंचा चेहरा सावळला.

"मामाजी, ऑटो करू काय?" ज्योत्स्ना घाबरून म्हणाली. "समोर वावर हाये!"

"नाई! ऑटो नाई. अंधार आला तर आला, माप नवं घेऊ. थांब तू."

पासष्ट वर्षांचे बबनराव पोते काखेत मारून धावले. ढोलवाल्यांना ओलांडून, केशरी साड्यांच्या रांगेतून वाट काढीत ते बग्गीच्या वीस पावले पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध त्यांनी पोते पसरले. ड्रोन खाली झुकून त्यावर स्थिर झाला.

आता जे घडले त्याची कल्पना बबनरावांनी केली नव्हती. तपस्विनीच्या वाटेवर कुणी धावत येऊन काही अंथरतो, तेव्हा जैन घरांतल्या बायका त्याचा एकच अर्थ लावतात. "पायघडी! पायघडी!" असा घोष झाला. कांतीलालची सून जिनल पुढे झाली, तिच्या थाळीतले शुभ्र तांदूळ तिने भक्तिभावाने पोत्यावर वाहिले. दुसरीने वाकून त्याच तांदळांचे स्वस्तिक रेखायला घेतले. तिसरी फुले टाकू लागली. आणखी दोन मुलींनी आपापल्या ओढण्या पोत्याच्या शेजारी पसरल्या.

"अवं, तांदूळ नका टाकू!" बबनराव दोन्ही हात हलवीत ओरडले. "पांढरं नका टाकू, उजेड बिगडते!"

"काका, पायघडीवर तांदूळ नाई टाकायचे तं काय टाकायचं?" जिनल चकित होऊन म्हणाली.

"काई बी नका टाकू! पायघडी नव्हे ते, पोतं हाये माह्यं!"

एक वृद्ध गृहस्थ रागावले. "पायघडीले पोतं? कापडाची दुकानं बंद झाली काय मालेगावची?"

बबनराव गुडघ्यांवर बसून हातांनी तांदूळ झाडू लागले, आणि बायका त्यांना भक्तीने भान हरपलेला माणूस समजून आणखी तांदूळ वाहू लागल्या. बग्गी दहा पावलांवर आली. तेवढ्यात बग्गीतून एक आवाज आला, म्हातारा पण खणखणीत:

"हटा बाजूले साऱ्या! तांदूळ उचला! बबनचं पोतं हाये ते. याच्यापायी एक्केचाळीस वर्षं वाट पाह्यली म्या!"

सर्वजण थबकले. जिनलने झटकन तांदूळ गोळा केले, ओढण्या मागे गेल्या. तपकिरी पोते पुन्हा मोकळे झाले. ज्योत्स्नाने काळी काच बदलण्यापुरता ड्रोन हाताशी घेतला, पुन्हा वर सोडला, डोंगर मध्यावर आणला, माप बांधले आणि ओरडली, "झालं, मामाजी!"

गुडघ्यांवर बसलेल्या बबनरावांनी वर पाहिले. त्यांच्या केसांत फुले होती, सदऱ्याच्या खिशात तांदूळ होते. ते रूप पाहून अंगुरीबाई हसू लागल्या. पदर खाली घसरला आणि त्यांनी तो पुढे ओढला नाही. बग्गी दोन्ही अंगांच्या काळ्या रानांमधून हसत हसत पुढे गेली, आणि ड्रोन ती शांतपणे पाहत राहिला.

चार दिवसांनी कांतीलालच्या बैठकीत सगळे जमले. बबनराव दाराशी उभे राहिले. आत बसायचे त्यांना धैर्य झाले नाही. पडद्यावर वावरे आली. नांगराची तासे दिसत होती, ढेकळे दिसत होती, आणि त्या कृष्णवर्णी पार्श्वभूमीवर शुभ्र साडीतला तो चेहरा, त्याच्या कपाळावरच्या रेषा, गालांवरचे जाळे, ओठाच्या कोपऱ्यावरचा तीळ, हसताना मिटलेले डोळे. एकही रेषा जळाली नव्हती, एकही बुडाली नव्हती. 

"केवढी म्हातारी झाली व मी," अंगुरीबाई म्हणाल्या. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "बबन, आत ये. अठी बस. आता दिसली मी."

त्या दृश्याचा फोटो करून त्यांनी तो जुन्या जोडीच्या फोटोशेजारी लावून घेतला. जुना काढून टाकू का, असे कांतीलालने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. त्याच्यात शेठजी हायेत. याच्यात मी हाये. जोडी झाली."

त्यानंतर बबनराव दोन वर्षे जगले आणि आनंदात जगले. तालुक्यातले ड्रोनवाले स्टुडिओत येत, बबनराव त्यांना चहा पाजत आणि अंगणात पोते अंथरून डोंगर मध्यावर कसा आणायचा ते दाखवीत. ज्योत्स्ना आकडे सांगे, ते तळहात दाखवीत. रस्त्यात अंगुरीबाई भेटल्या की आता त्या विचारीत, "काय बबन, पायघडी आनली काय?" आणि ते घरी येत ते हसतच येत. गेल्या कार्तिकात, एका दुपारी, स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

त्यांचा काट्याचा कॅमेरा आता चालत नाही. रोलांच्या पेट्या वाळवीने खाल्ल्या. ते पोते मात्र ज्योत्स्नाच्या ड्रोनच्या पिशवीत आहे, आणि उड्डाणाआधी ती ते उन्हात अंथरते. त्याच्या विणीत तांदळाचे दोन दाणे अजून अडकलेले आहेत.